पाणी जपायचं सगळ्यांना पटतं, मग गाव का बदलत नाही?

प्रश्न असा आहे: पर्जन्यछायेतल्या एका गावात जलसंधारणाची कामं झाली, शिवारफेऱ्या झाल्या, ग्रामसभेत सगळे माना डोलावतात. तरीही मार्चमध्ये टँकर लागतोच आणि दर उन्हाळ्यात नवे बोअर पडतातच. लोकांना हा बदल नेमका कसा समजतो, ते कसं ओळखायचं आणि त्यावरून पुढचं काम कसं आखायचं?

लोकांना प्रश्न कळलेला नाही, हे गृहीत आधी सोडून द्या. पाणी खोल चाललंय हे ज्याने विहिरीत आडवे बोअर मारले, मग उभा बोअर घेतला, मग मोटर आणखी खाली सोडली, त्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्यामुळे 'जनजागृती' या नावाखाली पुन्हा तेच पोस्टर आणि तीच प्रभातफेरी काढून हाती काही लागत नाही. फरक असतो तो बदल कसा घडतो याविषयीच्या समजुतीत. माणूस, काम आणि अनुदान या तीन गोष्टी त्या समजुतीत ठळक असतात. हिशेब आणि सगळ्यांना सारखा लागू होणारा नियम या दोन गोष्टी मात्र बहुतेक गावांत तिच्यात नसतात. माझ्या मते सगळं घोडं इथेच अडतं.

लोक बदल कसा घडतो असं मानतात

पहिली समजूत माणसाची. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली बदललेल्या आणि पाण्याच्या नियोजनासाठी नावाजलेल्या हिवरे बाजारला महाराष्ट्रातली शेकडो गावं जाऊन आली. गाडीत परत बसताना निघणारा निष्कर्ष बहुतेक वेळा एकच असतो: 'आपल्याकडे पोपटराव नाहीत.' नेतृत्वाचं महत्त्व कुणीच नाकारणार नाही. पण साधारण ४०० मिलिमीटर पावसाचं ते गाव ज्या गोष्टींवर टिकलं, त्या फळ्यावर लिहिलेल्या आहेत: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअरवेल बंदी, ऊस-केळीसारख्या पिकांना मज्जाव, आणि पाऊस मोजून दरवर्षी ठरणारा पेरा. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यावर रब्बीचं क्षेत्र ठरवायचं. भेटीला गेलेले लोक झाडं पाहतात, बंधारे पाहतात, फोटो काढतात आणि त्या फळ्यासमोरून पुढे जातात. अभ्यास दौरा नेणार असाल तर प्रत्येकाच्या हातात एकच काम द्या: 'कमी पावसाच्या वर्षी इथे कुणी काय पेरायचं थांबवलं आणि का थांबवलं, हे एका शेतकऱ्याला विचारून या.' परतीच्या गाडीतली चर्चा बदलते.

दुसरी समजूत कामाची: पाणी अडवलं की झालं. सलग समतल चर, नाला खोलीकरण, सिमेंट बंधारा ही कामं डोळ्यांना दिसतात, त्यांना उद्घाटन असतं, बिल असतं. ती आवश्यक आहेतच. पण पाणी वाढलं आणि उपशाला मर्यादा नसली, तर पुढचं चक्र ठरलेलं असतं. पहिल्या दोन पावसाळ्यांत विहिरी भरतात, ज्वारी-हरभऱ्याच्या जागी कांदा येतो, कांद्याशेजारी डाळिंब किंवा ऊस येतो, नवे बोअर पडतात आणि पहिल्या कमी पावसाच्या वर्षी गाव पूर्वीपेक्षा जास्त कर्ज घेऊन पुन्हा टँकरपाशी येतं. तेव्हा लोक म्हणतात, 'कामं निकृष्ट झाली.' कधी ते खरंही असतं. खरं काय ते तपासायचा साधा मार्ग आहे. ऑक्टोबरमध्ये विहिरींची पातळी पाहा आणि फेब्रुवारीत पुन्हा पाहा. पाऊस सरासरीइतका होऊनही ऑक्टोबरमध्येच विहिरी अर्ध्या असतील, तर मुरवण्यात खोट आहे, म्हणजे कामं तपासा. ऑक्टोबरमध्ये काठोकाठ आणि फेब्रुवारीत तळ दिसत असेल, तर दोन शक्यता उरतात. डिसेंबरात नाला वाहता असेल तर चढाच्या शिवारातून मुरलेलं पाणी खाली निघून चाललंय. नाला कोरडा असेल तर ते मोटरीने उपसलं गेलंय. ही तपासणी लोकांसमोर केली की 'कामं निकृष्ट' हा वाद बराचसा मिटतो.

तिसरी समजूत योजनेची, आणि तिच्यातली सर्वांत फसवी गोष्ट ठिबक. ठिबकने एकरी पाणी कमी लागतं यात शंका नाही. पण वाचलेलं पाणी जमिनीत राहत नाही. पाच एकराचं पाणी पाच एकरात वापरणारा शेतकरी ठिबकनंतर तेच पाणी आठ एकरांना देतो. त्याचं उत्पन्न वाढतं, त्यात त्याची चूक काहीच नाही; पण गावाच्या भूजलाच्या खात्यात शिल्लक वाढत नाही. अस्तरीकरण केलेल्या, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून तळाला प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचंही असंच. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. ते ओढ्याच्या पुराने भरलं तर उत्तम. पण पुष्कळ ठिकाणी ते विहीर-बोअरने भरलं जातं, म्हणजे खडकात सावलीत असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवलं जातं. दिवसाला ६ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी ९०० चौरस मीटरच्या तळ्यातून रोज ५,४०० लिटर पाणी हवेत जातं. शिवाय ज्याचं तळं आधी भरलं त्याने शेजाऱ्याच्या विहिरीतलंही ओढून घेतलेलं असतं. खालचा खडक म्हणजे अनेक नळ्या सोडलेला एकच रांजण आहे. ही गोष्ट कळल्याशिवाय 'माझी विहीर, माझं पाणी' सुटत नाही.

चौथी समजूत वरच्यांची: आधी कारखान्यांनी करावं, शहराने करावं, धरणाच्या वरच्या अंगाच्या लोकांनी करावं, मग आम्हाला सांगा. कार्यकर्ते याला सबब समजतात. मला तसं वाटत नाही. गोदावरी खोऱ्यात जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून होणारा वाद लोकांनी पाहिलेला आहे, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेलेली २०१६ साली पाहिली आहे, आणि त्याच काळात उसाचे मळेही पाहिले आहेत. न्यायाचा मुद्दा त्यांना नीट कळतो. त्यांचा राग मोडून काढू नका. कागदावर दोन याद्या करा: गावाच्या हातात काय आहे आणि गावाने कुणाकडे मागायचं काय आहे. दुसरी यादी ठरावात लिहून खरोखर पाठवली, तरच पहिल्या यादीवर मनापासून बोलणं होतं.

'यंदा पाऊस चांगला झाला, आता काय प्रश्न आहे' हा विसर तर सगळीकडेच असतो, त्यावर वेगळं लिहीत नाही. फक्त वेळेचं पथ्य पाळा. दुष्काळात चर्चा चांगली होते, पण नियम टिकत नाहीत. कारण तेव्हा निम्मं गाव कामासाठी बाहेर असतं आणि उरलेलं टँकरच्या रांगेत. नियम ठरवायचे ते मध्यम पावसाच्या वर्षी.

ही समजूत बाहेर कशी काढायची

मोठ्या सभेत ती निघत नाही. सभेत बोलतात ते ठरलेले दहा लोक, आणि त्यांतले बहुतेक बागायतदार. म्हणून किमान पाच गट वेगळे बसवा: विहीर-बोअर असलेले शेतकरी, कोरडवाहू शेतकरी, भूमिहीन मजूर, पाणी भरणाऱ्या बाया आणि मेंढपाळ-शेळीवाले. एका गटात ८ ते १२ माणसं, दीड तासापेक्षा जास्त नाही. बायांना दुपारी दोन ते चार बरं पडतं, पुरुषांना रात्री जेवणानंतर. बसायची जागा अशी निवडा की जिथे प्रत्येक वस्तीतला माणूस संकोच न करता येईल. सरपंचाच्या ओसरीवर मजूर मोकळं बोलणार नाहीत.

'पाणी वाचवायला हवं असं वाटतं का?' असे प्रश्न विचारू नका. याला 'हो'शिवाय उत्तर नाही, आणि त्या 'हो'चा उपयोगही नाही. घडून गेलेल्या बदलाबद्दल विचारा. प्रत्येक गावाने गेल्या २५ वर्षांत निदान एक मोठी सवय बदललेली असते. उघड्यावर शौचाला जाणं हे त्यातलं सर्वांत चांगलं उदाहरण, कारण २०००-०१मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाल्यापासून जवळजवळ प्रत्येकाने ते अनुभवलं आहे. विचारा: आधी कुणी संडास बांधला? बाकीच्यांनी कधी? बांधून न वापरणारे किती होते आणि का? कुणाला भीती होती, कुणाला लाज, कुणाला अनुदान? आज पुन्हा बाहेर जाणारे कोण आहेत? याची उत्तरं लोक अगदी बारकाईने देतात. सकाळची पथकं, बक्षिसाची चुरस, सुनेचा हट्ट, पाणी नसल्यामुळे धान्याची कोठी झालेला संडास, सगळं बाहेर येतं. आता तोच प्रश्न पाण्याकडे वळवा: 'मग बोअर थांबायचे असतील तर यातलं काय लागेल?' इथे लोक स्वतःच्या अनुभवावरून बोलायला लागतात, ऐकलेलं बोलत नाहीत.

वहीत तीन रकाने करा: कोण करणार, कशाच्या जोरावर, आणि न केल्यास काय. प्रत्येक सूचना या तीन रकान्यांत बसवा. पहिल्या रकान्यात 'सरकार' आणि 'तरुणांनी' हे शब्द भरत गेले आणि तिसरा रकाना कोराच राहिला, तर तुम्हाला निदान मिळालं. या गावाला बदल हवा आहे, पण तो कुणाला बांधील नसलेला हवा आहे.

यानंतर करायचा तो मडक्यांचा खेळ. माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोगी हाच आहे, म्हणून नीट सांगते. एका खोलीत आडोशाला दोन मडकी ठेवा. बाहेर प्रत्येकाच्या एका हातात एक हरभरा आणि एक ज्वारीचा दाणा द्या, दुसऱ्या हातात दहा चिंचोके. पहिल्या मडक्याचा प्रश्न: 'गावाने मिळून ठरवलं आणि सगळ्यांना सारखं लागू केलं, तर तुम्ही स्वतः कांद्याचं क्षेत्र कमी कराल का?' हो असेल तर हरभरा टाकायचा, नाही तर ज्वारी. दुसऱ्या मडक्याचा प्रश्न: 'गावातल्या दहा घरांपैकी किती घरं तयार होतील असं तुम्हाला वाटतं?' तितके चिंचोके टाकायचे. उरलेले दाणे बाहेर पडताना एका झाकलेल्या टोपलीत टाकायचे, म्हणजे कुणाच्या मुठीत काय उरलं ते दिसत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही हे जमतं.

समजा ६० माणसं आली. पहिल्या मडक्यात ४२ हरभरे निघाले, म्हणजे दहातले सात जण स्वतः तयार. दुसऱ्या मडक्यात २४० चिंचोके निघाले, म्हणजे दर माणशी चार. लोकांच्या अंदाजाने दहातली चारच घरं तयार आहेत. हे तीनचं अंतर म्हणजेच गावाचा अडसर. प्रत्येकाला वाटतं मी तयार आहे, बाकीचे नाहीत, आणि बाकीचे नसतील तर मी एकट्याने कांदा सोडून मूर्ख का ठरू? 'आधी तू, मग मी' या भाषेत लोक हे रोज बोलतात. दाणे सगळ्यांसमोर मोजा, मोठ्याने मोजा, आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. 'बाकीचे तयार नाहीत' ही समजूत भाषणाने जात नाही. समोर मोजलेल्या दाण्यांनी बरीचशी जाते.

इथे दोन चुका होतात. एक, प्रश्नातलं 'सगळ्यांना सारखं लागू केलं तर' हे वाक्य गाळलं जातं. मग हरभरे कमी पडतात आणि गावाला इच्छाच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दुसरी, सगळे गट एकत्र मोजले जातात. भूमिहीन मजुराला कांदा कमी करायला हरकत नसेल, किंवा उलट कांदा लागवड-काढणीची मजुरी जाईल या भीतीने हरकत असेलही. विहीरवाल्यांची मडकी वेगळी मोजा. निर्णय त्यांच्या शेतात व्हायचा आहे.

उलटंही घडू शकतं. पहिल्या मडक्यातच ज्वारी जास्त निघाली, तर हा खेळ तिथेच थांबवा आणि आकडा लपवू नका. त्या गावात आधी उत्पन्नाचा प्रश्न सोडवावा लागेल.

हिशेब गावानेच मांडायचा

तयारी दिसली की ताळेबंद, म्हणजे गावाच्या पाण्याचा जमाखर्च. तो तज्ज्ञाने घरून करून आणला तर गावासाठी त्याची किंमत शून्य. फळ्यावर, लोकांच्या तोंडून आकडे घेत मांडायचा. मूळ आकडा सोपा आहे: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. एक नमुना पाहा. शिवार १,००० हेक्टर, पाऊस ४५० मिलिमीटर. एकूण पडलं ४५० कोटी लिटर. हा आकडा ऐकून लोक चकित होतात, आणि लगेच 'मग टंचाई कशी?' असं विचारतात. विचारू द्या. यातलं सर्वांत मोठं माप पिकांतून, गवतातून आणि उघड्या मातीतून हवेत जातं, काही ओढ्याने गावाबाहेर जातं. बेसाल्टच्या, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकात, तो किती झिजलेला आणि भेगाळलेला आहे त्यावर, पावसाच्या साधारण ७ ते १३ टक्के पाणी भूजलात मुरतं असं धरतात. कामं झालेली आहेत म्हणून १२ टक्के धरू: ५४ कोटी. त्यातलं ११ कोटी झऱ्या-नाल्यांतून वाहून जाईल, उरलं ४३. बंधारे-तलावातलं वापरण्याजोगं ११ धरलं तर हातात ५४ कोटी लिटर.

आता खर्च. १,५०० माणसं, जल जीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर, वर्षाचे सुमारे ३ कोटी. ८०० मोठी जनावरं रोज ४५ लिटरने १.३ कोटी, हजारभर शेळ्या-मेंढ्या रोज ५ लिटरने ०.२ कोटी. मिळून साडेचार कोटी. खरिपाला ताण पडला तर एखादं संरक्षित पाणी, म्हणजे पीक वाचवण्यापुरती एक पाळी, १०० हेक्टरना ५० मिलिमीटर, म्हणजे ५ कोटी. पुढचा पाऊस लांबला तर म्हणून साडेचार कोटी राखीव. रब्बीसाठी उरले ४० कोटी.

मग प्रत्येक विहीरवाल्याला यंदाचा बेत विचारा आणि बेरीज करा. कांद्याला एकरी सुमारे २० लाख लिटर लागतं, गव्हाला १६ लाख, हरभऱ्याला ८ लाख. पाटाने मोकाट दिलं तर याहून पुष्कळ जास्त. उसाला पावसाचं वजा जाता दीड हजार मिलिमीटर धरले तरी एकरी ६० लाख. समजा बेत निघाला कांदा ३०० एकर, गहू १०० एकर, हरभरा १०० एकर, ऊस १५ एकर. मागणी झाली ६० अधिक १६ अधिक ८ अधिक ९, म्हणजे ९३ कोटी. शिल्लक ४० कोटी. फळ्यावर ही वजाबाकी झाली की काही काळ कुणी बोलत नाही. घाईने तोडगा सांगू नका. पाच एकर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्या-वापरायचं पाणी सारखंच, म्हणजे ३ कोटी, हे बहुतेक वेळा कुणीतरी बाईच आधी बोलून दाखवते.

तोडगा काढायचा तो हेक्टरच्या भाषेत नाही, घराच्या भाषेत. कांद्याला सरसकट बंदी घातली तर पहिल्याच वर्षी नियम मोडेल, कारण कांद्यात रोख पैसा आहे आणि तो लहान शेतकऱ्याला जास्त हवा आहे. प्रत्येक विहीरवाल्या घराला अमुक एकरापर्यंत कांदा, त्यापुढे हरभरा किंवा ज्वारी, असं वाटप टिकण्याची शक्यता जास्त. वरच्या नमुन्यात कांदा ९० एकर, गहू ५० एकर, हरभरा १५० एकर आणि जनावरांच्या घासाला २ कोटी लिटर धरले की बरोबर ४० कोटी होतात. ऊस बसत नाही. उभा ऊस मोडायला लावू नका. खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुंध्यातून पुन्हा फुटणारा ऊस, ठेवायचा नाही एवढं ठरवा.

ताळेबंदाची वेळ चुकली तर सगळं वाया. २ ऑक्टोबरची ग्रामसभा यासाठी योग्य आहे: पावसाचा बराचसा आकडा हातात असतो आणि कांद्याची रोपं लावणीला आलेली नसतात. नोव्हेंबरात सभा घेतली तर रोपं टाकून झालेली असतात, आणि खर्च केलेला माणूस मागे फिरत नाही. त्याआधी महिलांची सभा घ्यायची ही कायद्यातली तरतूद कागदी ठेवू नका. पिण्यासाठी किती पाणी राखून ठेवायचं ते तिथेच ठरू द्या.

आकडे गावाचे हवेत. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर विसंबू नका. मंडळात पाऊस पडला आणि गावात नाही, असं पर्जन्यछायेत नेहमी होतं. शाळेच्या आवारात, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा. शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून सहा-सात विहिरी निवडा. आदल्या दिवसापासून मोटर बंद ठेवून, दोराला गाठी मारून पातळी मोजा, आणि कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. कठडा प्रत्येक विहिरीचा वेगळा असतो, आणि ते न वजा केल्याने दोन विहिरींची तुलना खोटी पडते.

नियम कुठे मोडतात

सगळ्यांत आधी मोडतात ते न्याय नसेल तिथे. श्रमदानात भूमिहीन माणूस चर खणतो आणि पाणी बागायतदाराच्या विहिरीत वाढतं. चराईबंदी होते आणि तिची झळ मेंढपाळाला लागते. हे लोक 'गाव करील ते राव काय करील' ऐकून गप्प बसतात, पण त्यांना हा बदल आपला वाटत नाही. विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायतीचं काम उभं केलं, त्यात या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर होतं: पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसावर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. आज जसाच्या तसा हा नियम प्रत्येक गावात लागू होणार नाही. पण भूमिहीनाच्या वाट्याला काय, हे ठरावात लिहिलेलंच हवं: तलावातली मासेमारी, गायरानातलं कापून न्यायचं गवत, रोजगार हमीच्या कामात पहिला हक्क, काहीतरी ठोस. चराई बंद करायची तर गायरानाचे भाग पाडून एक भाग आळीपाळीने खुला ठेवा.

दुसरी जागा बोअर. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरी-बोअरवर बंधन आणलं. पुढे भूजलाचा २००९चा कायदा आला आणि २०१४मध्ये लागू झाला. पण रात्री गाडी येते, पहाटेपर्यंत बोअर होतो, आणि मग कुणीच काही करत नाही. प्रत्यक्षात चालतो तो उपाय असा: बोअरच्या गाडीचे दलाल आसपासचे तीन-चारच असतात. त्यांना बोलावून सांगायचं की ग्रामपंचायतीच्या चिठ्ठीशिवाय गाडी शिवारात यायची नाही. गाडी अडवणं सोपं, मारलेला बोअर बुजवणं जवळजवळ अशक्य.

तिसरी जागा दंड. पहिल्याच चुकीला मोठा दंड ठेवला तर तो कुणीच वसूल करत नाही, आणि वसूल न झालेला पहिला दंड म्हणजे नियमाचा शेवट. सामुदायिक साधनसंपत्तीचा अभ्यास करून २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांतून हेच दाखवलं: टिकलेल्या गटांत शिक्षा हलकी सुरू होते आणि पायरीपायरीने वाढते, आणि लक्ष ठेवणारे गटातलेच असतात. पहिल्या वेळी घरी जाऊन बोलणं, दुसऱ्या वेळी फळ्यावर नाव, तिसऱ्या वेळी गटाने मिळून वापरायच्या तुषार सिंचन संचातून वगळणं. पेरा पाहायला सरपंचाचा माणूस नको. दोन विहीरवाले आणि दोन कोरडवाहू, दरवर्षी बदलणारे.

एक वर्षानंतर बदल झाला का हे पाहताना लोकांची मतं विचारत बसू नका. चार गोष्टी नोंदवा: नवे बोअर किती, फेब्रुवारीत विहिरींची पातळी किती, ठरलेला आणि प्रत्यक्ष झालेला रब्बीचा पेरा, आणि पुढच्या ऑक्टोबरात मडक्यांमधलं अंतर. अंतर कमी झालं, पेराही ठरल्यासारखा झाला, तरी फेब्रुवारीची पातळी सुधारली नाही, असंही होतं. अशा वेळी लोकांना दोष देण्याआधी मोटरींच्या ऑटो स्टार्टरकडे पाहा. शेतीची वीज ठरावीक तासच, पुष्कळदा रात्री येते. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते आणि जाईपर्यंत चालत राहते. पीक भिजून पाणी बांधावरून वाहत असतं, तरी अंधारात बंद करायला कुणी जात नाही. कागदावर आठ लाख लिटरचा हरभरा अशा रात्रींमुळे बारा लाखांचा होतो. ऑटो स्टार्टरसोबत टायमर बसवणं, वस्तीवरच्या चार घरांनी पाळी लावून रात्री चक्कर मारणं, आणि दिवसा वीज मिळावी म्हणून गावाने एकत्रित अर्ज करणं, ही तीन कामं दुसऱ्या वर्षाच्या यादीत सर्वांत वर ठेवा.